लाल कोटवालीच्या हातातली चावी

पडद्यावरच्या लाल कोटवालीने गाडीत बसलेल्या कुत्र्याला बिस्किट दाखवलं. तो शेपटी हलवत खाली उतरला. तिने बिस्किट समोरच्या व्हरांड्यात फेकलं, तो तिकडे धावला, आणि तेवढ्यात ही बया गाडीत जाऊन बसली आणि तिने दार ओढून घेतलं. कुत्रा परत आला आणि त्याने काचेला नाक लावलं. मागे गमतीचं संगीत वाजत होतं, म्हणजे इथे हसायचं असतं. वसुंधराने असे नाताळचे सिनेमे पुष्कळ पाहिले होते आणि अशा जागी ती मुकाट्याने हसायचीही. आज हसू आलं नाही. शेजारच्या खुर्चीत तिचे सासरे दयाराम बसले होते आणि ते तिच्या तोंडाकडे बघत होते, कारण सिनेमातलं इंग्रजी मराठीत सांगायचं काम तिचं होतं आणि ती बराच वेळ गप्प होती. ती त्याला उतर म्हणाली आणि तो उतरला, असं वसुंधराने सांगून टाकलं. बाबा पुढे वाकले. "हातात काय व्हतं तिच्या?" त्यांनी विचारलं. "चावी," ती म्हणाली. चावी का म्हणाली, ते तिचं तिलाच कळलं नाही. शब्द जणू तोंडात तयार होता. बाबा बरं म्हणाले आणि पुन्हा मागे टेकले.

पंचवीस डिसेंबर, म्हणून कॉलेजला सुट्टी होती. तिचा नवरा शैलेश मात्र कामावर गेला होता, कारण उरणजवळच्या द्रोणागिरीच्या गोदामांत कंटेनर सण बघून येत नाहीत. खाली सेक्टरमधल्या दुकानांवर प्लास्टिकच्या चांदण्या लटकत होत्या आणि काल संध्याकाळी शैलेशने आणलेल्या केकचा उरलेला तुकडा फ्रिजमध्ये पडून होता. बाबांनी तो चाखून, आपला रव्याचा सांजा बरा, असा निकाल दिला होता. वसुंधरा पनवेलच्या एका ज्युनिअर कॉलेजात इंग्रजी शिकवायची. सिनेमाचं परीक्षण कसं लिहावं हे ती मुलांना दरवर्षी सांगायची. आधी जमेची बाजू, मग उणी बाजू, दोन्हींना कारणं द्या, आणि शेवटी स्वतःचं मत लपवू नका. असल्या सिनेमांचं नाव मात्र तिने वर्गात कधी काढलं नव्हतं. ते तिचं चोरून खाणं होतं. डिसेंबर उजाडला की इंग्रजी चॅनलवर दुपारी ते सुरू व्हायचे आणि पेपर तपासायचे सोडून ती बसायची. सगळ्यांची गोष्ट एकच. शहरातली बाई गावाला येते, गावात चांगल्या दातांचा एक विधुर असतो, दोघांच्या कुत्र्यांचे पट्टे एकमेकांत अडकतात, मग ती दोघं अडकतात. उणी बाजू सांगायला बसलं तर संध्याकाळ होईल. एवढा बर्फ पडलेला, पण बोलताना कुणाच्या तोंडातून वाफ निघत नाही. घरात कुणी भांडी घासत नाही. कुत्री केस गाळत नाहीत, गालिच्यावर मुतत नाहीत, त्यांना वासच नसतो. सासू-सासरे नावाची माणसं त्या देशात जन्मालाच येत नाहीत. आणि जमेची बाजू? ती कुत्र्यांची. माणसं सगळी खोटं बोलत असतात, पण आपण सिनेमात आहोत हे कुत्र्यांच्या गावीही नसतं. ती कॅमेऱ्याच्या पलीकडे कुणाच्या तरी हाताकडे बघत असतात, त्या हातात खाऊ असणार, आणि ते बघणं खरं असतं. अजून एक जमेची बाजू होती, ती वसुंधरा स्वतःशीच ठेवायची. या सिनेमांत जे हरवतं ते अंधार पडायच्या आत सापडतं. केलेल्या चुकीची माफी शेवटी शेवटी सहज मिळते आणि त्यासाठी फारसं बोलावंही लागत नाही. आज तिला ते काचेला लावलेलं नाक दिसत राहिलं. त्यात अभिनय नव्हता. दार बंद झालंय, एवढं त्या जनावराला कळलं होतं.

सिनेमा सांगायची ही सवय लागली ती बाबांमुळे. पावसाळ्यात सासूबाई गेल्या. दमयंतीबाई. त्यानंतर उरणच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यात बाबा एकटेच होते, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चुलीवरचं भांडं करपून धूर झाला की मग कळायचं. शैलेशने हट्ट धरला, ऑपरेशन करवलं आणि दसऱ्यानंतर त्यांना नवीन पनवेलला आणलं. तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, खिडकीतून पाण्याची टाकी दिसते आणि तिच्यामागे माथेरानचे डोंगर. समुद्र कुठल्या अंगाला, असं त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं. शैलेशने हात केला तिकडे शेजारच्या इमारतीची भिंत होती. बाबांनी त्या भिंतीकडे थोडा वेळ पाहिलं आणि पुन्हा कधी विचारलं नाही. वसुंधरा मूळची जुन्या पनवेलची, माहेरी घरात मासळी शिजत नसे. सासरी ती नारळी पौर्णिमेला जायची, होळीला जायची, पाया पडायची, सोलकढी प्यायची आणि संध्याकाळी परत यायची. बाबांशी इतक्या वर्षांत तिचं बोलणं म्हणजे जेवलात का, औषध घेतलं का. मग एका दुपारी ती टीव्ही बघत बसली असताना ते येऊन बसले, पडद्यावर कुत्रं होतं म्हणून थांबले, आणि ही मानसं काय बोलतान म्हणून त्यांनी विचारलं. तिने सांगितलं. त्यांना ते आवडलं, आणि तिला सांगणं आवडलं. ती वाक्यं जराशी घरची करून घ्यायची. लाल कोटवाली माहेरपणाला आली आहे, डॉक्टर गुरांचा आहे, बहिणीने हिच्या गळ्यात कुत्रं बांधलंय. पडद्यावर माणसं मुके घ्यायला लागली की वसुंधरा म्हणायची, ती दोघं बोलतायत. बाबा तोंड खिडकीकडे वळवायचे आणि टाकीकडे बघत बसायचे. जरा वेळाने, न वळताच, विचारायचे, "झालं काय बोलून?" ती झालं म्हणाली की मग पुन्हा पडद्याकडे बघायचे. त्यांना काय दिसतं ते तिला ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे त्यांना ठाऊक होतं. सासऱ्या-सुनेत एवढा एकच विनोद होता आणि तो दोघांनीही जपला होता.

चावी. ऑपरेशननंतर बाबांना टाकीवर बसलेला कावळा दिसायचा, त्यांना काय बिस्किट दिसलं नसेल? पण कोळीवाडा सोडला त्या दिवशी त्यांना दिसलं नव्हतं. त्या दिवशी त्यांच्या डोळ्यांवर काळा चष्मा होता, वाकायचं नाही, मान झटक्याने वळवायची नाही अशी डॉक्टरांची ताकीद होती, आणि ते मित्राकडून आणलेल्या त्या व्हॅनमध्ये पुढे ताठ बसून होते. शैलेश टपावर गाद्या बांधत होता. मागच्या सीटवर खंड्या बसला होता. तांबूस, एक कान फाटलेला, किनाऱ्यावरच्या कुठल्याही कुत्र्यासारखा कुत्रा. पिल्लू असताना तो पाटीतल्या मासळीवर वरून झेप घालायचा म्हणून सासूबाईंनी त्याला पाखराचं नाव दिलं होतं. होडी लागली की पहिली मूठ कुत्र्याची, ही त्या घरची रीत. बाबांचं वय झालं, होडी विकली गेली, तरी सासूबाई बाजारातून टोपली आणायच्या आणि आधी त्याच्यापुढे मूठ टाकायच्या. त्या दिवशी त्याला गाडीत कुणी बोलावलं नव्हतं आणि कुणी हाकललंही नव्हतं. घर निघालंय तर आपणही निघालो, असं समजून तो सगळ्यांच्या आधी जाऊन बसला होता. वसुंधराच्या डोळ्यांपुढे फिक्या रंगाचा सोफा आला. जिन्यातल्या बायका आल्या, तो ओल्या मासळीचा वास आला. सोसायटीत कुत्री चालत नाहीत, असं तिने मनातल्या मनात एक वाक्य केलं, आणि वाक्य झाल्यावर तिला बळ आलं. तिच्या मांडीवर सासूबाईंचा सुक्या बोंबलांचा डबा होता, त्यांनीच शेवटचे वाळवलेले. तिने झाकण उघडलं. खंड्याचे दोन्ही कान उभे राहिले, फाटका पण. तो उतरला. ती डबा घेऊन शेजारच्या भामामावशींच्या पडवीपर्यंत चालत गेली, तो पायात पायात येत होता, आत मूठभर बोंबील टाकले, तो आत गेला आणि तिने दार लोटलं. कडी भामामावशींनी घातली. त्या सासूबाईंच्या जन्माच्या मैत्रीण. आतून भुंकणं आलं नाही. आधी खाण्याचा आवाज आला आणि मग लाकडावर नखांचा. वसुंधरा गाडीत येऊन बसली, हाताला वास येत होता, तो तिने पदराला पुसला. गाडी सुरू झाल्यावर बाबांनी पुढे बघतच विचारलं, खंड्या नीट बसला ना. "तो उतरला, बाबा," ती म्हणाली. "भामामावशींकडे गेला." "आपनहून?" बाबा म्हणाले. ती हो म्हणाली.

एवढंच. यात काय मोठं, असं ती नंतर स्वतःला पुष्कळदा म्हणाली. माणूस म्हाताऱ्याची समजूत घालायला काय काय बोलतो. पण पुढे एकदा जेवताना बाबा, कुणी विषय काढला नसताना, म्हणाले, त्यो तिचाच व्हता, माजा कवाच नव्हता. शैलेश हसला, अहो कुत्रंच ते, त्याला गाव सुटत नाही. बाबांनी मान हलवली. पण तिला दिसत होतं की त्यांनी मनाशी काहीतरी पक्कं केलंय. ते स्वतःचा कप स्वतः विसळायला लागले. खिडकी उघडू काय म्हणून विचारायला लागले. एका रविवारी शैलेश म्हणाला, चला गावाकडे चक्कर मारून येऊ, खंड्यालाही बघाल. ते म्हणाले, ज्याला यायचं नव्हतं त्याला कशाला तरास. म्हणजे सासूबाई गेल्या आणि मागे जो एक जीव उरला होता त्यानेही पाठ फिरवली, असा त्यांनी हिशेब मांडला होता, आणि तो हिशेब चुकीचा आहे हे जगात दोन बायकांना माहीत होतं. एक वाक्य बोललं की तो सुटणार होता. पण त्या वाक्याच्या शेवटी 'मी' येत होतं आणि वसुंधरा रोज त्या 'मी'पाशी येऊन परत फिरायची. लाज अशी की ती रोज थोडी वाढते आणि रोज बोलणं थोडं अशक्य करते. त्यात दिवाळीत तळमजल्यावरच्यांचं झुपकेदार कुत्रं गळ्यात दिव्यांची माळ घालून जिन्यात बसलेलं दिसलं. सोसायटीचे सेक्रेटरी कमळाकर तिथेच उभे होते. तिने सहज विचारल्यासारखं विचारलं, आपल्याकडे चालतं का हे? त्यांनी सांगितलं की न चालायला काय झालं, जिना स्वच्छ ठेवा म्हणजे झालं. ती वर आली आणि तिने फराळाच्या ताटात चकल्या मांडल्या, एकीला एक लागणार नाही अशा, फार नीट.

पडद्यावर आता लाल कोटवाली आणि गुरांचा डॉक्टर मिळून झाड सजवत होते. टाकून दिलेलं कुत्रं त्याच्याकडे राहिलं होतं आणि त्याच्या कुत्रीशी त्याची दोस्ती झाली होती. बाईने कुत्रं टाकलं याबद्दल डॉक्टर तिला लटकं रागावला आणि ती खांदे उडवून हसली. ही उणी बाजू, वसुंधराच्या मनात आलं. या सिनेमात कुणालाच काही लागत नाही. बाईने एका जिवाला फसवून दाराबाहेर ठेवलं आणि त्याचं बक्षीस म्हणून तिला नवरा मिळतोय. पण लगेच तिला हेही जाणवलं की इतकी वर्षं ती याचसाठी तर हे बघत आली. बाबांनी विचारलं, ह्यांना कामधंदा नाय काय, दिसभर झाडच सजवतान. ती म्हणाली, सुट्टी आहे त्यांना, आपल्यासारखीच. बाबा म्हणाले की कुत्रा मात्र चांगला घावलाय, नजर बघ त्याची. तिने नजर बघितली आणि मग हातातल्या रिमोटकडे बघत बसली.

भामामावशींचा फोन गेल्या आठवड्यात आला होता. ती कॉलेजच्या स्टाफरूममध्ये होती, समोर पेपरांचा गठ्ठा, आणि कुणीतरी वाढदिवसाचे पेढे वाटत होतं. मावशी आधी बराच वेळ बाबांच्या डोळ्याची चौकशी करत राहिल्या. मग म्हणाल्या की खंड्या गेला. पडवीतून त्याला सोडल्यापासून तो गाडी उभी होती तिथेच बसायचा, सार्वजनिक नळाजवळ. हातातनं काही घ्यायचा नाही. समोर ठेवून घरात गेलं तर थोडं खायचा, नाहीतर कावळे खायचे. कुणाची गाडी आली की उठायचा, वास घ्यायचा आणि बसायचा. मग मध्येच दिसेनासा व्हायचा आणि संध्याकाळी परत यायचा, पाय चिखलाने भरलेले. मग एकदा परत आलाच नाही. मावशींच्या जावयाने कामावर जाताना त्याला द्रोणागिरीच्या पुढे बघितलं, गोदामं संपतात तिथे रस्त्याच्या कडेला, ट्रेलरखाली आलेला. फाटक्या कानावरून ओळखला. तोंड पनवेलकडे होतं, मावशी म्हणाल्या, आणि पुढे म्हणाल्या, "तू दार लोटलंस, कडी मी घातली. दोघींनी केलं ह्ये. पन दयारामला तूच सांग, माजं त्वांड व्हनार नाय." वसुंधरा हो म्हणाली. कुणीतरी तिच्या हातावर पेढा ठेवला आणि तिने तो खाल्ला. शैलेश रोज त्याच रस्त्याने मोटारसायकलने जातो. रोज संध्याकाळी तो आला की ती त्याच्या चेहऱ्याकडे बघायची, काही दिसलं का याला, आणि तो म्हणायचा, काय बघतेस, चहा कर.

सिनेमा आता संपत आला होता, म्हणजे भांडण व्हायची वेळ झाली होती. लाल कोटवाली कशावरून तरी रुसून शहराकडे निघाली आणि तिच्या गाडीमागे ते कुत्रं निसटलं. डॉक्टर दारात येऊन हाका मारायला लागला, गावातली माणसं कंदील घेऊन बाहेर पडली आणि मग एक गाणं सुरू झालं. वसुंधराला ठाऊक होतं की या गाण्यात काही सांगण्यासारखं नसतं. बर्फ पडतो, माणसं चालतात, बाई गाडीत रडते, आणि गाणं संपलं की कुत्रं कुठून तरी दारात हजर होतं. मधल्या वेळात ते कुठून गेलं, काय खाल्लं, कुणी दगड मारला की नाही, हे आजवर एकाही सिनेमाने दाखवलं नव्हतं. सगळी गोष्ट त्या कुत्र्याच्या चालण्यावर उभी, आणि तेवढंच गाळून वर गाणं घातलेलं. सगळ्यात मोठी उणी बाजू ती हीच, आणि तिच्या हे आज पहिल्यांदा ध्यानात येत होतं. "आनि कुत्रा?" बाबा म्हणाले. "कुत्रा कुटं हाय?" तिने सांगितलं की तो दाखवत नाहीत. बाबांना ते पटलं नाही. मानसांनाच काय बघायचं, ते म्हणाले, तुला म्हाईत असंल, तू सांग.

ती काहीतरी रचणार होती. जंगलातून गेला, एका शेतकऱ्याने त्याला दूध दिलं, असं काही. तोंड उघडलं आणि वेगळंच आलं. ती म्हणाली, "तो आधी कुठे गेलाच नाही, बाबा. गाडी उभी होती तिथेच बसून राहिला. शेजारची बाई खायला द्यायची, तिच्या हातून घ्यायचा नाही." पडद्यावर बर्फ पडत होता. ती त्याच्याकडे बघून बोलत होती आणि थांबता येत नव्हतं. मग तो थोडं थोडं लांब जाऊन बघायला लागला, ती म्हणाली, संध्याकाळी परत यायचा, पाय चिखलाने भरायचे. मग एक दिवस गाडी गेली त्या रस्त्याने निघालाच. रस्ता मोठा होता, त्यावर ट्रेलर चालतात, कंटेनर लादलेले, त्यांना खालचं काही दिसत नाही. बर्फाच्या गावात कंटेनर कुठून येणार, हे तिच्या कानाला कळत होतं, तरी आवाज चालूच राहिला. कामावर जाणाऱ्या एका माणसाने त्याला कडेला पडलेला पाहिला. गेला होता तो, ती म्हणाली. आणि नेमकं तेव्हाच गाणं संपलं, चर्चचं दार उघडलं आणि गळ्यात लाल फीत बांधलेलं ते कुत्रं धावत आत आलं, बाईच्या अंगावर उड्या मारायला लागलं आणि सगळं गाव टाळ्या वाजवायला लागलं.

बाबा पडद्याकडे बघत होते. मग त्यांनी तिच्याकडे बघितलं. "त्यो तर आला," ते म्हणाले. "त्यो बग, नाचतोय." तिने रिमोटचं बटण दाबून आवाज बंद केला. टाळ्या नुसत्याच दिसत राहिल्या. बाबांनी गुडघ्यावर हात फिरवला, एकदा, दोनदा, आणि हळू आवाजात म्हणाले, "ह्यो नाय, तर मंग कोन गेला?"

विचारता विचारताच त्यांचं त्यांना कळलं. खुर्चीत ते थोडे लहान झाल्यासारखे दिसले. आता हे ओरडतील, असं तिला वाटलं, का लपवलंस म्हणतील, आणि ओरडावं असं तिला फार वाटत होतं. बाबांनी एवढंच विचारलं, "कुटवर आलता?" द्रोणागिरीच्या पुढे, तिने सांगितलं, गोदामं संपतात तिथपर्यंत, आणि तोंड पनवेलकडे होतं असं भामामावशी म्हणाल्या. बाबांनी मान हलवली. मनातल्या मनात ते तो रस्ता बघत असावेत, कुठे वळण आहे, कुठे पूल. "वाट बरोबर धरलीवती त्यानं," ते म्हणाले. आणि मग त्यांचा चेहरा उघडला. डोळ्यांत पाणी होतं, पण चेहरा उघडा होता, इथे आल्यापासून एकदाही तिने तो तसा पाहिला नव्हता. "म्हंजे माज्यामागंच आलता," ते म्हणाले. दुःखाची तयारी तिने आठवडाभर केली होती, रागाचीही. ते खूश होतील याची तयारी तिच्याकडे नव्हती. दोन महिने हे एवढंसं त्या माणसाला हवं होतं आणि ते तिच्या हाताशी होतं, आणि ती पेपर तपासत होती, चकल्या मांडत होती. बाबांच्या कपाळाला मग हळूहळू आठी पडली. ते तिच्याशी बोलत नव्हते, समोर कुणी बसलेलं असावं तसं त्यांनी विचारलं, "मंग त्या दिशी उतरला कशाला, येड्या?"

वसुंधरा रडायला लागली. तिला सुंदर रडता यायचं नाही, त्या लाल कोटवालीसारखं तर मुळीच नाही. नाक वाहत होतं, घशातून आवाज येत होता. सून अशी समोर बसून रडते म्हटल्यावर बाबा संकोचले, आणि त्यांना जी एक गोष्ट करता येत होती ती त्यांनी केली. त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं आणि ते टाकीकडे बघत बसले. टीव्हीवर आवाजाशिवाय दोघं एकमेकांचे मुके घेत होती आणि कुत्री त्यांच्या पायांत घुटमळत होती. मग न वळता बाबांनी विचारलं, "झालं काय बोलून?"

"नाही," वसुंधरा म्हणाली. "मघाशी त्या बाईच्या हातात चावी नव्हती, बाबा. बिस्किट होतं. आणि त्या दिवशी माझ्या हातात आईंच्या डब्यातले बोंबील होते."

बाबा टाकीकडेच बघत राहिले.

"तिनं सुकवलेले?"

"हो."

"मंग त्यो उतरनारच," ते म्हणाले. त्यांनी तोंड काही वळवलं नाही.